मन्मथ, तू कोणाचीही फी भरली नाहीस

मन्मथ, तू जाऊन महिनाही झाला नाही आणि एवढ्यात लोकांनी तुला ओळखू येणार नाही असं करून टाकलं आहे. पदरमोड करून गोरगरिबांच्या मुलांची फी भरणारा दानशूर प्राध्यापक, असं वर्तमानपत्रात छापून आलं. आपल्या शिक्षणसंस्थेच्या फाटकावर तुझ्या छायाचित्राखाली तेच लिहिलं गेलं. शोकसभेत तर प्रत्येक वक्त्याने ते वाक्य आधीच्यापेक्षा थोडं फुगवून पुढच्याच्या हाती दिलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होतो. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तू असतास तर त्या खुर्चीत बसून माझ्या कानाशी काय पुटपुटला असतास ते मला अक्षरशः ऐकू येत होतं, आणि ते इथे लिहिण्याजोगं नाही.

तू कोणाचीही फी भरली नाहीस. एकदाही नाही. हे तुझी निंदा म्हणून मी लिहीत नाही. तुझ्याविषयी खरं बोलायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी लागेल, आणि ती करायला माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही.

तू काय करायचास ते मी सांगतो, कारण मी ते इतिहास विभागाच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलं आहे. शिकवायचास वनस्पतिशास्त्र. पण प्रवेशाचे दिवस आले की प्रयोगशाळेला कुलूप घालून तू मैदानातल्या लिंबाखाली जाऊन बसायचास. पालमकडच्या, पाथरीकडच्या खेड्यांतून एसटीने आलेली पोरं, कुणाच्या बरोबर आई, कुणाच्या बरोबर चुलता, तुझ्याभोवती गोळा व्हायची आणि तुला अप्पा सर म्हणायची. शिष्यवृत्तीचा शासन निर्णय तू कधी स्वतः वाचून दाखवला नाहीस. पोरांकडून मोठ्याने वाचून घ्यायचास, एकेकाला एकेक परिच्छेद. अडलं की थांबवायचास आणि सरकारी मराठीचं माणसांच्या मराठीत भाषांतर करायचास. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी मागता येत नाही, हे वाक्य आलं की ते दोनदा वाचायला लावायचास.

मग तुझं नाटक सुरू व्हायचं. तू फीच्या खिडकीतला लिपिक व्हायचास आणि एकेका पोराला समोर उभं करायचास.

“काय गं, कोण्या गावची? फी आणलीस का?”

“न्हाई.”

“मंग इथं काय हवा खायला आलीस? चल, मागच्याला येऊ दे.”

पोरं हसायची आणि समोरची मुलगी खाली मान घालायची. तू तिला पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवायचास. मान खाली न घालता तिने एकच वाक्य म्हणावं एवढीच तुझी अपेक्षा असायची: नाही म्हणता ते लेखी द्या. आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही, वडिलांचं आजारपण सांगायचं नाही. फक्त ते वाक्य. ते जमेपर्यंत तू तिला चहासुद्धा पिऊ द्यायचा नाहीस. फी मागणारा कोणताही माणूस ती मागणी लेखी देऊ धजत नाही, हे तुला पक्कं माहीत होतं.

खऱ्या खिडकीपाशी मात्र तू कधी गेला नाहीस. कार्यालयाबाहेरच्या लाकडी बाकावर बसून राहायचास. पोरं गयावया करायची, “सर, तुमी आत या ना.” तुझं उत्तर ठरलेलं होतं. “मी आत आलो तर काम माझं होईल.”

मला हा सगळा प्रकार आडमुठेपणाचा वाटायचा. मी उपप्राचार्य होतो. माझ्या एका शब्दावर जे काम झालं असतं त्यासाठी शेताची कामं बुडवून आलेल्या बायांना दिवसभर उन्हात उभं करायचं, हे कसलं शिक्षण, असं मी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, “वामन, तुझ्या शब्दावर झालेलं काम तुझ्याबरोबर रिटायर होतं.” मी त्या बाकावर तुझ्याशेजारी कधी बसलो नाही. उपप्राचार्याने शिपायांच्या बाकावर बसू नये असं माझं मत होतं. ते आजही चुकीचं आहे असं मला वाटत नाही.

आता सुनीताचं. शोकसभेत सगळ्यांचे डोळे ओले झाले ते तिच्या भाषणाने. आज ती सरकारी ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माता आहे, पण तेव्हा संस्थेने नुकत्याच काढलेल्या विनाअनुदानित औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात प्रवेश घ्यायला आलेली, पालमच्या पलीकडच्या एका वाडीतली मुलगी होती. आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची. त्या वर्षी संस्थेने पहिल्यांदाच फर्मान काढलं की शिष्यवृत्ती असो वा नसो, आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ. तू पोरांना सांगितलंस, कोणी भरायची नाही. आणि कोणी भरली नाही. अख्खा गट खिडकीसमोर उभा राहून लेखी मागत होता, कार्यालय लेखी देत नव्हतं, आणि प्रवेशाची मुदत संपत आली होती. संस्था उद्या-परवा वाकणार हे तुझं म्हणणं होतं. संस्था वाकणार नाही आणि पोरांचं वर्ष जाईल, हे माझं.

अशातच एका दुपारी सुनीताची आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिने हातातली पिशवी तेवढी या हातातून त्या हातात घेतली. मी उठलो, लिपिकाकडे गेलो आणि त्या मुलीची फी भरून टाकली. कोणी भरली ते कोणाला सांगायचं नाही, असं त्याला बजावलं. तो भला माणूस होता. त्याने अखेरपर्यंत सांगितलं नाही, आणि आता तोही नाही.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सचिवांनी ती पावती सगळ्यांसमोर नाचवली. बघा, ज्याला शिकायचं आहे तो भरतो. गट फुटला. कोणी उसनवारी केली, कोणी शेळ्या विकल्या, आणि दोन भावंडं आली तशी एसटीने परत गेली ती पुन्हा दिसली नाहीत. तू माझ्या खोलीत आलास आणि दार लावून घेतलंस. पावती कोणाच्या पैशाची हे तुला कसं कळलं ते मी विचारलं नाही. तू मला पुरता ओळखून होतास.

“पुण्य करायलास का?” तू विचारलंस. “एका पोरीची फी भरली नाहीस तू. बाकीच्यायच्या तोंडावर दार लावलंस.”

मी म्हणालो, “ती आई माझ्या दारात उभी होती. बाकीचे तुझ्या तत्त्वात उभे होते.”

त्यानंतर कित्येक महिने आपण बोललो नाही. मी तुला त्या वेळी जे म्हणालो ते आजही म्हणेन. आज गावोगावच्या लोकांना औषध समजावून देणारी ती बाई माझ्या बाजूचा पुरावा आहे. ती दोन भावंडं तुझ्या बाजूचा. हा वाद आपण पुढे किती वेळा घातला! बसस्थानकासमोरच्या चहाच्या गाड्यावर, तुझ्या शेवग्याखाली, माझ्या मुलीच्या लग्नाच्या मांडवात सुद्धा. कोणी जिंकलं नाही. जिंकायचं ठरवलं असतं तर तुझ्याकडे एक सोपा मार्ग होता. माझं नाव सांगून टाकायचं. तू ते कधी सांगितलं नाहीस.

अबोला तूच मोडलास. येलदरीच्या धरणावर वनस्पतिशास्त्राची सहल नेली होतीस आणि प्राचार्यांनी सोबतीला मला धाडलं होतं. मुलं काठावरची झुडपं उपटून वहीत दाबत होती. आपण दोघं एकाच सावलीला, पण एकमेकांकडे पाठ करून जेवत होतो. तेव्हा पाठीमागून तुझा आवाज आला, “मीठ हाय का रे?” तुझ्या डब्यात ठेचा होता, मन्मथ. ठेच्याबरोबर कोणी मीठ मागत नाही. मी पुडी मागे सरकवली आणि आपलं बोलणं सुरू झालं. त्या पुडीबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. ते आज मानतो.

सुनीताने मात्र ठरवून टाकलं की तिची फी तू भरलीस. लिंबाखाली तिच्यासाठी घसा कोरडा करणारा तू होतास. दुसरं कोण भरणार? दर गुरुपौर्णिमेला ती तुझ्याकडे यायची. तू सांगितलंस, मी भरली नाही. ती घरी जाऊन म्हणाली, बघा, सर किती निगर्वी आहेत. तू वर्गात सांगितलंस, समारंभात सांगितलंस, एकदा तर व्यासपीठावरून चिडून ओरडलास. जितकं नाकारलंस तितका तू मोठा होत गेलास. एकाचे दहा झाले, दहाचे असंख्य. ज्या माणसाला दान या शब्दाचा संताप यायचा तो परभणी जिल्ह्याचा दाता झाला, आणि मी बाजूला उभा राहून, खरं सांगतो, थोडा हसत होतो. मला वाटायचं, बरं झालं, तुझी खोड मोडली.

शेवटच्या आजारात तुला भेटलो तेव्हा तुझा आवाज बसला होता, पण भांडण शाबूत होतं. उशीला टेकून तू म्हणालास, “लोकं मला दाता म्हणायलेत. मी हाय तवर एकदा सांगून टाक बाबा.”

“तूच सांग की,” मी म्हणालो.

“मी सांगितलं की त्याचा विनय होतो. तू सांगितलंस की भांडण होतं. अन् भांडण तुला जमतं.”

मी म्हटलं, तू आधी बरा हो, मग गावजेवण घालून सांगू. तू हसलास. मला वाटलं, अजून वेळ आहे.

तुला बसवून नेलं, तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे. कपाळभर विभूती, गळ्यात रुद्राक्ष, फुलांनी मढवलेल्या डोलीत ताठ बसलेला तू. पुढे जंगम, मागे अर्धं गाव. मी डोलीच्या अगदी जवळून चालत होतो. तुला तसं बसलेलं पाहून मला तो बाकच आठवला. पोरं आत गेली आहेत आणि तू बाहेर त्यांची वाट पाहत बसला आहेस, असं वाटत होतं. समाधीच्या खड्ड्याशी सचिव संस्थेच्या नावाची पट्टी लावलेला भला मोठा हार घेऊन उभे होते. तेच सचिव, मन्मथ. फक्त केस पांढरे झालेले.

शोकसभेत त्यांनीच जाहीर केलं की तुझ्या नावाने विद्यार्थी साहाय्य निधी उभारला जाणार आहे. तुझ्या छायाचित्रासमोर, व्यासपीठावर, पालकांना शेजारी उभं करून गरजू मुलांच्या हातात पाकिटं दिली जातील. त्या पाकिटातून मुलं संस्थेचीच फी भरतील. सरकारने जी फी मागू नये म्हटलं आहे ती मागायची, न देऊ शकणाऱ्याला तुझ्या नावाचं दान द्यायचं, आणि ते त्याच खिडकीत परत घ्यायचं. एवढी सुबक व्यवस्था तुझ्या शत्रूलाही सुचली नसती. तुला तर शत्रूही नव्हते. तुझे सगळे चाहतेच होते.

मी उठलो. ध्वनिक्षेपक मागितला नाही. माझा आवाज अजून शाबूत आहे. मी सांगितलं की मन्मथने कोणाची फी भरली नाही, फी मागणंच बेकायदा आहे असं तो म्हणायचा, आणि सुनीताची फी मी भरली होती. सचिव अत्यंत सौम्यपणे म्हणाले की सर आमचे ज्येष्ठ आहेत, दुःख मोठं आहे, वयही झालं आहे. तुझा शिवराज जवळ आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “काका, बसा. बाबांचं चांगलं होऊ द्या.” मागच्या रांगेतून कोणीतरी, मला ऐकू जाईल इतपत हळू, बोललं, “आता मेलेल्याच्या पुण्यात बी वाटा पाहिजे ह्यांना.”

मी बसलो. तू म्हणाला होतास तसंच झालं. मी सांगितलं आणि त्याचं भांडण झालं. फक्त ते ऐकायला तू नव्हतास. तू असताना मी बोललो असतो तर दोघांच्या तोंडून एकच गोष्ट निघाली असती आणि कोणाला ती खोटी ठरवता आली नसती. याचा राग मला त्या मागच्या रांगेवर काढता येत नाही. तुझ्यावर मात्र काढता येतो. तुला एवढी घाई कसली होती?

दोन दिवसांनी सुनीता माझ्या परभणीच्या घरी आली. बरोबर तिच्या बहिणीची मुलगी, ऋतुजा. ऋतुजाला यंदा आपल्याच संस्थेत, मावशीच्याच विषयाला प्रवेश मिळाला आहे. मुलींची फी सरकारने माफ केली आहे. तशी जाहिरात एसटीच्या पाठीवर लावून गावोगाव फिरते आहे. पण संस्थेची खिडकी तेच म्हणते, आधी भरा, सरकारकडून आली की परत देऊ. आणि तुझ्या निधीचं पहिलं पाकीट ऋतुजाला द्यायचं सचिवांनी ठरवलं आहे. अप्पांनी मावशीला शिकवलं, अप्पांचा निधी भाचीला शिकवणार. छायाचित्र चांगलं येईल.

सुनीताने विचारलं, “सर, खरंच तुमी भरली होती का?”

मी म्हणालो, हो.

तिने ऋतुजाकडे पाहिलं. मग म्हणाली, “मी दर वर्षी अप्पा सरांच्या पायावर डोकं ठेवायला जायचे अन् सर पाय मागं घ्यायचे. मला वाटायचं, लाजतेत.” मग तिने विचारलं की इतकी वर्षं ती चुकीच्या पायांवर डोकं ठेवत होती का.

मी तिला सांगितलं की पाय बरोबर होते, डोकं ठेवण्याचं कारण तेवढं चुकीचं होतं. मग तिला लिंबाखालचं ते वाक्य आठवतं का, असं विचारलं. तिला आठवत होतं. तू तिला किती वेळा रांगेच्या शेवटी पाठवलं होतंस तेही आठवत होतं. पण पाकीट नाकारलं आणि पोरीची जागा गेली तर, अशी तिला धास्ती. बहिणीला काय सांगायचं? माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. तुझ्याकडेही ते कधी नव्हतं, एवढं तू आता तरी कबूल करायला हरकत नाही.

बोलली ती ऋतुजाच. तिने विचारलं, “स्टेजवर आईला बी उभं करणार हायत का?” सुनीताने होकाराची मान हलवली. “मंग नको,” पोरगी म्हणाली. “काय म्हणायचं असतंय ते मला शिकवा.”

आणि मी, ज्याने तुझ्या नाटकाची आयुष्यभर टवाळी केली, माझ्या बैठकीच्या खोलीत फीच्या खिडकीतला लिपिक झालो. मला ते तुझ्यासारखं जमलं नाही. सुनीता म्हणाली, सर, अप्पा याहून लय वंगाळ बोलायचे. मग मी जरा जोर लावला.

काल आम्ही तिघं संस्थेत गेलो. त्या दोघी खिडकीपाशी गेल्या आणि मी बाहेर थांबलो. तुझा लाकडी बाक कधीच काढून टाकला आहे. आता तिथे भोकाभोकांच्या लोखंडी खुर्च्या आहेत, आणि त्या उन्हाने तापतात. तिथून आतलं सगळं ऐकू येतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. लिपिक नव्या पिढीचा, तोंडाने गोड. तो ऋतुजाला समजावत होता, “अगं, तुला कशाची काळजी? तुला अप्पांच्या निधीतून मिळायलंय की. फुकट.”

“मला फुकट न्हाई पाहिजे. माफ हाय ते पाहिजे.”

“माफ आहेच. पण आधी भरावी लागते.”

“मंग तसं लेखी द्या.”

आत शांतता झाली. त्या शांततेत माझा हात कुठे गेला असेल ते तू ओळखलंच असशील. सदऱ्याच्या आतल्या खिशात. मी तो तिथून काढला आणि गुडघ्यावर ठेवला. मला पटलं म्हणून नव्हे. तू समोरून बघतो आहेस असं वाटलं, म्हणून.

तेवढ्यात शिपाई धावत आला. मी उपप्राचार्य असताना तो नुकताच लागला होता. “सर, तुमी इथं उन्हात? आत साहेबांच्या केबिनमध्ये बसा ना. तुमच्या एका शब्दात काम होईल.”

मी त्याला म्हणालो, “मी आत गेलो तर काम माझं होईल.”

वाक्य तुझं आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. माझं पुण्य तुझ्या नावावर इतकी वर्षं चाललं, तुझं एक वाक्य माझ्या नावावर चाललं तर तुझी तक्रार नसावी.

लिपिकाने लेखी दिलं नाही. सचिव बाहेरगावी आहेत, सोमवारी या, एवढंच सांगितलं. सुनीताचा चेहरा उतरला होता. ऋतुजा मात्र खिडकीपासून परत आली तेव्हा मान वर होती. ते तुला पाहायला आवडलं असतं. जागा राहील की जाईल ते मला ठाऊक नाही. गेली तर मी तुला सोडणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

सोमवारी पहिल्या गाडीने जाणार आहे. खुर्ची फार तापते, तेव्हा बसायला घरून काहीतरी न्यावं लागेल. शेजारची जागा मी धरून ठेवीन.